सहारचे टर्मिनल २: चालत्या विमानतळावरील विस्तार आणि बदलत गेलेली गरज

विमानतळाचा विस्तार म्हटला की चर्चा बहुतेक वेळा वार्षिक प्रवासीक्षमतेच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरील टर्मिनल २ चे प्रकरण या आकड्याच्या पलीकडे जाऊन पाहण्यासारखे आहे. जागा वाढण्याची शक्यता नव्हती, विमानतळ एक दिवसही बंद ठेवता येत नव्हता आणि बांधकाम पूर्ण होईपर्यंत विमान कंपन्या, प्रवासी व तपासणीच्या पद्धती बदलणार हे उघड होते. अशा स्थितीत नियोजनकारांनी कोणते निर्णय घेतले, त्यांपैकी कोणते टिकले आणि कोणत्या गोष्टी इमारतीच्या आवाक्याबाहेरच राहिल्या, याचा हा आढावा आहे.

आधीची चार दशके

या विमानतळाची सांताक्रूझ येथील टर्मिनलची इमारत (आजच्या टर्मिनल १ ची बाजू) १९५८ साली उभी राहिली. १९६७ मध्ये नेमलेल्या टाटा समितीने सत्तरच्या दशकातील वाहतुकीसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय टर्मिनल बांधण्याची शिफारस केली. १९७१ मध्ये एअर इंडियाची बोइंग ७४७ विमाने आली आणि एकाच उड्डाणातून पूर्वीच्या दुपटीहून अधिक माणसे उतरू लागली. सप्टेंबर १९७९ मधील आगीत सांताक्रूझ टर्मिनलचे मोठे नुकसान झाले आणि काही काळ तात्पुरत्या व्यवस्थेवर काम भागवावे लागले. समितीच्या शिफारशीतील टर्मिनल याच विमानतळाच्या दुसऱ्या बाजूला सहार येथे वापरात आले ते १९८१ च्या जानेवारीत, म्हणजे शिफारशीनंतर जवळजवळ चौदा वर्षांनी, जेव्हा सत्तरचे दशक संपून गेलेले होते.

पुढे सहारला जोड मिळत गेली. ऐंशीच्या दशकात टर्मिनलचा २-बी हा भाग आला, १९९९ मध्ये २-सी आला. सांताक्रूझच्या बाजूलाही १-ए, १-बी आणि १-सी असे भाग होत गेले. प्रत्येक जोड त्या त्या वेळच्या कोंडीला दिलेले उत्तर होते आणि त्या क्षणापुरते ते चुकीचेही नव्हते. मात्र त्यातून देशांतर्गत वाहतूक धावपट्टीच्या एका बाजूला आणि आंतरराष्ट्रीय वाहतूक दुसऱ्या बाजूला अशी फाळणी पक्की झाली. नागपूरहून येऊन दुबईला जाणाऱ्या प्रवाशाला सामानासह रस्त्याने काही किलोमीटरचा वळसा घालावा लागे. या फाळणीची दुसरी किंमत प्रवाशांना दिसत नव्हती. मुंबईत आंतरराष्ट्रीय उड्डाणांची गर्दी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत असते, तर देशांतर्गत गर्दी सकाळी आणि संध्याकाळी. त्यामुळे रात्री सहार तुंबलेले असताना सांताक्रूझ ओस पडलेले असे आणि सकाळी उलटे. चौरस मीटर मोजले तर जागा होती, पण ती वापरता येत नव्हती.

२००६ मधील स्थिती

मे २००६ मध्ये विमानतळाचा कारभार जीव्हीके समूहाच्या नेतृत्वाखालील मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट या कंपनीकडे गेला. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने त्यात २६ टक्के हिस्सा ठेवला आणि उत्पन्नातील ३८.७ टक्के वाटा प्राधिकरणाला देण्याचे ठरले. २००६-०७ मध्ये प्रवासीसंख्या सव्वादोन कोटींच्या घरात होती आणि स्वस्त विमानसेवेमुळे ती वेगाने वाढत होती.

जमिनीची अडचण आकड्यांतून स्पष्ट होते. दिल्लीच्या विमानतळाकडे दोन हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे. मुंबईच्या विमानतळाकडे साडेसातशे-आठशे हेक्टर जमीन आहे आणि तिच्यापैकी शंभराहून अधिक हेक्टरांवर दाट वस्ती आहे. या वस्तीच्या पुनर्वसनासाठी २००७ मध्ये झालेला करार २०१३ मध्ये संपुष्टात आला, आणि ज्या जमिनीवर विमाने उभी करण्याच्या जागा किंवा टॅक्सीवे (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणारे मार्ग) येऊ शकले असते ती जमीन हाती आली नाही. हा केवळ विस्तारातील अडथळा म्हणून नोंदवणे अन्यायाचे होईल. हजारो कुटुंबांची दोन-दोन पिढ्यांची घरे तिथे आहेत आणि त्यांच्यापुढे विश्वासार्ह पर्याय न ठेवता आखलेला कोणताही आराखडा कागदावरच राहणार होता.

दुसरी मर्यादा धावपट्ट्यांची. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवरून एकाच वेळी विमाने सोडता येत नाहीत. एक चालू असेल तेव्हा दुसरी व्यवहारात बंदच असते. म्हणजे टर्मिनल कितीही मोठे केले तरी त्याला माणसे पुरवणारी नळी तीच राहणार होती. या दोन मर्यादा मान्य करूनच पुढचे सर्व निर्णय तपासले पाहिजेत.

जुन्या इमारतीभोवती नवी इमारत

नियोजनकारांनी पहिला महत्त्वाचा निर्णय घेतला तो फाळणी मोडण्याचा. सहारला देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही वाहतुकींसाठी एकच एकात्मिक टर्मिनल बांधायचे ठरले. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना संस्थेने केला आणि बांधकाम लार्सन अँड टुब्रोने केले. इमारतीचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ४० हजार चौरस मीटर आणि वार्षिक क्षमता ४ कोटी प्रवाशांची.

अडचण अशी की, नवी इमारत जिथे यायची होती तिथेच जुने सहार टर्मिनल उभे होते आणि देशाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा मोठा भाग त्यातूनच जात होता. जुने आधी पाडून नवे बांधणे शक्य नव्हते आणि नव्यासाठी दुसरी मोकळी जागाही नव्हती. त्यावर निघालेला मार्ग या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे, असे मला वाटते. मध्यभागी प्रवेश, चेक-इन, इमिग्रेशन आणि सामान यांची मुख्य इमारत, आणि तिच्यापासून चार दिशांना निघालेले विमाने उभी करण्याचे पंख, असा इंग्रजी एक्स अक्षरासारखा ताणलेला आकार ठरवण्यात आला. हा आकार जुन्या इमारतीच्या कडेने बसत होता. मुख्य इमारत आणि आधी शक्य असलेले पंख बांधायचे, वाहतूक त्यांत हलवायची, मग रिकामी झालेली जुनी इमारत पाडायची आणि त्या जागी उरलेले पंख पूर्ण करायचे, असा क्रम होता. वरून पाहणाऱ्याला जो आकार सौंदर्यासाठी निवडल्यासारखा वाटतो, तो प्रत्यक्षात कामाच्या क्रमातून आलेला आहे.

कोणती जागा कधी रिकामी होईल आणि तिथली माणसे तोवर कुठे जातील, हा प्रश्न अनेक विस्तार प्रकल्पांत कंत्राटदाराच्या वेळापत्रकावर सोडला जातो. सहारला तो प्रश्न आराखड्याच्या पहिल्या रेषेपासून विचारला गेला, म्हणूनच विमानतळ चालू ठेवून इतके मोठे काम पार पडू शकले. अर्थात याची किंमत वेळेत आणि पैशांत मोजावी लागली. अपेक्षित मुदतीपेक्षा टर्मिनल बरेच उशिरा सुरू झाले आणि संपूर्ण प्रकल्पाचा खर्च वाढत वाढत सुमारे साडेबारा हजार कोटी रुपयांपर्यंत गेला. त्यातील तूट भरून काढण्यासाठी एप्रिल २००९ पासून देशांतर्गत प्रवाशाकडून १०० आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडून ६०० रुपये विकास शुल्क आकारले गेले. विमानतळ शुल्क नियामकाच्या मंजुरीविना होणारी ही आकारणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द ठरवली आणि पुढे नियामकाच्या परवानगीने तिची व्यवस्था झाली. भविष्यातील सोयीचा खर्च आजच्या प्रवाशाने किती उचलावा, हा प्रश्न त्या निमित्ताने न्यायालयापर्यंत गेला हे योग्यच झाले. नोकरीसाठी आखातात जाणाऱ्या कोकणातील कामगाराच्या तिकिटावरचे ६०० रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती.

बदलाला जागा ठेवणारे निर्णय

१० जानेवारी २०१४ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते टर्मिनल २ चे उद्घाटन झाले आणि १२ फेब्रुवारीपासून आंतरराष्ट्रीय वाहतूक तिथून सुरू झाली. पाहणाऱ्यांचे लक्ष मोराच्या पिसाऱ्यासारख्या पांढऱ्या छताकडे आणि सात हजारांहून अधिक कलावस्तूंच्या भिंतीकडे गेले, आणि ते स्वाभाविक होते. नियोजनाच्या दृष्टीने मात्र त्या छताखाली काय नाही हे अधिक महत्त्वाचे आहे. मुख्य दालनाचे एवढे विस्तीर्ण छत सुमारे ४० मीटर उंचीच्या अवघ्या तीस खांबांवर पेलले आहे. पोलादी कैच्यांमुळे (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांमुळे) खांबांमधील अंतर इतके वाढवता आले की खालची मांडणी खांबांना बांधलेली राहिली नाही. चेक-इन काउंटरची रांग हलवायची, तिच्या जागी प्रवाशाने स्वतः सामान सोपवण्याची यंत्रे बसवायची किंवा सुरक्षा तपासणीची जागा वाढवायची, तर इमारतीच्या सांगाड्याला हात लावावा लागत नाही.

दुसरा निर्णय दुहेरी वापराच्या गेटचा. पंखांतील अनेक गेट अशी आहेत की दारे आणि मार्गिका उघडझाप करून तेच गेट पहाटे आंतरराष्ट्रीय आणि सकाळी देशांतर्गत उड्डाणासाठी वापरता येते. हे ऐकायला सोपे वाटते, पण त्यासाठी इमिग्रेशन झालेले आणि न झालेले प्रवासी एकमेकांत कधीही मिसळणार नाहीत अशी वेगवेगळ्या मजल्यांची व मार्गिकांची रचना मूळ आराखड्यातच करावी लागते. इमारत उभी राहिल्यावर ही सोय घुसवणे जवळजवळ अशक्य असते. मुंबईच्या गर्दीच्या वेळा एकमेकींना पूरक असल्याने या गेटचा फायदा इथे इतर शहरांपेक्षा अधिक होतो. ज्या जागेच्या अभावी चार दशके ओढाताण झाली, ती जागा अशा रीतीने घड्याळातून काढली गेली.

आणखी एका निर्णयाचा उल्लेख केला पाहिजे. आपल्याकडे एका प्रवाशाला निरोप द्यायला चार-पाच माणसे येतात. टर्मिनलसमोरचा भाग प्रशस्त ठेवताना ही रीत गृहीत धरली गेली. परदेशी नमुने जसेच्या तसे उचलले असते तर पहिल्याच महिन्यात रस्ता तुंबला असता.

पुढील दहा वर्षांतील कसोटी

२०१५ आणि २०१६ मध्ये तीन विमान कंपन्यांची देशांतर्गत सेवा टर्मिनल २ मध्ये आली: विस्तारा, एअर इंडिया आणि जेट एअरवेज. त्यांपैकी जेट एअरवेजची सेवा एप्रिल २०१९ मध्ये थांबली, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून टाटा समूहाकडे गेली आणि विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. विमानतळाची मालकीही बदलून २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेली. इमारतीतील पंख, काउंटर आणि गेट ठरावीक कंपन्यांच्या गरजेनुसार पक्के केले असते, तर पाच वर्षांत त्यांतील बराच भाग निरुपयोगी ठरला असता. सामायिक काउंटर आणि सामायिक गेट असल्यामुळे जेटची जागा इतर कंपन्यांनी भरून काढली.

त्याहून कठोर कसोटी करोनाकाळात लागली. २०१८-१९ मध्ये जवळजवळ ४ कोटी ८८ लाख असलेली प्रवासीसंख्या २०२०-२१ मध्ये सुमारे १ कोटी १० लाखांवर आली. मे २०२० मध्ये देशांतर्गत सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा टर्मिनल १ बंदच ठेवण्यात आले आणि सर्व कंपन्यांची उड्डाणे टर्मिनल २ मधून झाली. टर्मिनल १ मार्च २०२१ मध्ये उघडले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. विस्ताराच्या नियोजनात वाढीचा विचार होतोच, पण आकुंचनाचा फारसा होत नाही. एक संपूर्ण टर्मिनल मिटून ठेवता येणे आणि काही दिवसांच्या सूचनेवर उघडता येणे ही क्षमता कोणत्याही निविदेत मागितलेली नसते. ती एकात्मिक रचनेमुळे आपोआप मिळाली.

तपासणीच्या पद्धतीही बदलल्या. २०१७ मध्ये हातातील सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत मुंबईसह काही विमानतळांवर बंद झाली, २०२३ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवणारी डिजियात्रा आली आणि जानेवारी २०२५ मध्ये नोंदणीकृत प्रवाशांसाठी जलद इमिग्रेशनची सोय झाली. चेक-इनची गर्दी घटत गेली आणि सुरक्षा तपासणीपुढची वाढत गेली. मोकळ्या दालनामुळे यंत्रे हलवणे शक्य झाले, परंतु तपासणीची रांग केवळ यंत्रांवर अवलंबून नसते. तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आणि इमिग्रेशन अधिकारी पुरेसे लागतात, आणि त्यांची पदे विमानतळ कंपनी मंजूर करत नाही. टर्मिनलच्या क्षमतेच्या आकड्यामागे हे मनुष्यबळ गृहीत धरलेले असते, ही बाब विस्ताराच्या प्रस्तावांत अधिक ठळकपणे लिहिली गेली पाहिजे.

इमारतीच्या आवाक्याबाहेरचे प्रश्न

२०१३-१४ मध्ये मुंबईत सुमारे २ लाख ६० हजार विमानांची ये-जा झाली आणि ३ कोटी २२ लाख प्रवासी होते. म्हणजे एका उड्डाणामागे सरासरी १२४ माणसे. २०१८-१९ मध्ये उड्डाणे सुमारे ३ लाख २१ हजार झाली आणि सरासरी १५२ वर गेली. २०२३-२४ मध्ये उड्डाणे सुमारे ३ लाख २५ हजार, म्हणजे जवळजवळ तेवढीच राहिली, पण प्रवासी ५ कोटी २८ लाख झाले आणि सरासरी १६२ च्या पुढे गेली. टर्मिनल सुरू झाल्यावर पहिली पाच वर्षे वाढ मुख्यतः अधिक उड्डाणांमुळे झाली. त्यानंतर धावपट्टी भरली आणि वाढ मोठ्या व अधिक भरलेल्या विमानांमुळे होऊ लागली.

टर्मिनलसाठी हे दोन प्रकार सारखे नाहीत. उड्डाणे वाढली तर गेट आणि एरोब्रिज (गेटपासून थेट विमानात नेणारे पूल) कमी पडतात. विमाने मोठी झाली तर गेट तेवढीच पुरतात, पण प्रत्येक गेटपुढे बसायची जागा, सामानाचा पट्टा आणि प्रसाधनगृहे कमी पडतात, कारण तेवढ्याच वेळात अधिक माणसे एकदम येतात. वार्षिक प्रवासीसंख्येच्या एकाच अंदाजावर आखलेल्या विस्ताराला हा फरक दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासातील उड्डाणे ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणण्याचा निर्णय झाला, कारण विमाने उतरण्यासाठी आकाशात घिरट्या घालत होती. २०२४-२५ मध्ये प्रवासीसंख्या ५ कोटी ५१ लाखांवर पोहोचली, म्हणजे दोन्ही टर्मिनलच्या एकत्रित घोषित क्षमतेइतकी.

रस्ता आणि सार्वजनिक वाहतुकीचा हिशेब अधिक दुखावणारा आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गापासून सहारपर्यंतचा उन्नत रस्ता टर्मिनलसोबत १२ फेब्रुवारी २०१४ रोजीच खुला झाला, आणि दोन वेगळ्या यंत्रणांची कामे एका दिवशी पूर्ण होणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. पण मोटारीविना येणाऱ्यांसाठी टर्मिनल २ चे मेट्रो स्थानक ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. दहा वर्षे आठ महिने टर्मिनलमध्ये काम करणारे हजारो कर्मचारी आणि साधे प्रवासी अंधेरीहून बस व रिक्षाच्या भरवशावर राहिले. चार कोटी प्रवाशांची इमारत आखताना तिच्या दाराशी माणसे कशी येतील याचा निर्णय दुसऱ्या यंत्रणेच्या वेळापत्रकावर सोडणे ही या प्रकल्पातील सर्वांत मोठी त्रुटी होती, असे माझे मत आहे.

टर्मिनल १ आणि नवी मुंबई

धावपट्टीच्या मर्यादेवरचे खरे उत्तर दुसरा विमानतळ हेच होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. नवी मुंबई विमानतळाला २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, २०१८ मध्ये भूमिपूजन झाले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. या दिरंगाईचा भार इतकी वर्षे सहार आणि सांताक्रूझने वाहिला.

आता टर्मिनल १ पाडून तिथे वार्षिक २ कोटी प्रवाशांचे नवे टर्मिनल बांधण्याचा आराखडा पुढे आहे. जुन्याची क्षमता दीड कोटींची आहे. पाडकामाची सुरुवात नवी मुंबई सुरू होण्यावर अवलंबून ठेवलेली होती, कारण सांताक्रूझचे प्रवासी हलवायला अन्यत्र जागाच नव्हती. सहारचा क्रम इथे पुन्हा लागू होतो, फरक इतकाच की रिकामी जागा या वेळी खाडीपलीकडे आहे. मध्यंतरीच्या काळात सांताक्रूझची काही उड्डाणे नवी मुंबईत आणि काही टर्मिनल २ मध्ये जातील, तेव्हा जी गेट आज पहाटे आंतरराष्ट्रीय आणि सकाळी देशांतर्गत वापरली जातात त्यांच्यावरचा ताण नेमक्या त्याच तासांत वाढेल. म्हणून पाडकामाचा दिवस ठरवताना नवी मुंबईची वार्षिक क्षमता पाहून भागणार नाही. सकाळी सहा ते दहा या वेळात तिथे प्रत्यक्षात किती उड्डाणे हाताळली जातात आणि सहारला त्या वेळात किती गेट मोकळी राहतात, हे दोन आकडे आधी हातात हवेत.

नव्या टर्मिनल १ च्या रचनेतही जुना प्रश्न नव्या रूपात उभा आहे. सांताक्रूझ आणि सहार यांच्यातील वळशाने चाळीस वर्षे प्रवाशांना थकवले. आता तोच वळसा मुंबई आणि नवी मुंबई यांच्यात साधारण ३५ किलोमीटरचा होईल, आणि दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो अजून प्रस्तावित आहे. ती धावू लागेपर्यंत नांदेड किंवा कोल्हापूरहून येऊन पुढे परदेशी जाणाऱ्या प्रवाशांची जोडणारी उड्डाणे एकाच विमानतळावर राहतील अशा रीतीने स्लॉटचे (उड्डाणांना ठरवून दिलेल्या वेळांचे) वाटप व्हायला हवे, आणि त्यासाठी लागणारी गेट व सामानाची व्यवस्था सहारला राखून ठेवायला हवी.